कॅशला डिस्क किती द्यावी? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेले बरेच प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात: सर्न-व्हीएम फाइल सिस्टिम, म्हणजे सगळे जिला सीव्हीएमएफएस म्हणतात, तिच्या स्थानिक कॅशसाठी, म्हणजे एकदा आणलेल्या फाइली पुन्हा वापरायला जिथे साठतात त्या जागेसाठी, डिस्क कशी नेमून द्यायची. म्हणून हे सदर या वेळी त्यालाच दिलं आहे. ज्यांना ही फाइल सिस्टिम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत एलएचसी (कण एकमेकांवर आदळवणारं महायंत्र) प्रयोगांचं सॉफ्टवेअर जगभरच्या संगणकांवर पोहोचवण्यासाठी ती तयार झाली. सॉफ्टवेअर एका ठिकाणी, म्हणजे रिपॉझिटरीत, प्रकाशित होतं, वापरणाऱ्या संगणकावर ते फक्त वाचण्यापुरतं माउंट होतं (फोल्डरसारखं जोडलं जातं), आणि जी फाइल उघडली जाते तेवढीच एचटीटीपीवरून येऊन त्या संगणकाच्या डिस्कवर साठते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एलएचसीवरच्या सीएमएस प्रयोगाचं टिअर-२, म्हणजे दुसऱ्या स्तराचं, केंद्र आहे. एलएचसीच्या अशा केंद्रांवर प्रयोगाचं सॉफ्टवेअर याच वाटेने येतं. अलीकडे ईईएसएसआयसारख्या, वैज्ञानिक सॉफ्टवेअर तयार स्वरूपात पुरवणाऱ्या प्रकल्पांमुळे भौतिकशास्त्राशी संबंध नसलेल्या क्लस्टरवरही (एकत्र जोडलेल्या संगणकांच्या गटांवरही) ती दिसू लागली आहे.

प्रश्न : आमच्या विभागात ४० नोडचा, म्हणजे ४० संगणकांचा, क्लस्टर येतो आहे. प्रत्येक नोडला ६४ कोअर आणि ४८० जीबीची एकच एसएसडी. रिपॉझिटरीचा एकूण आकार कित्येक टेराबाइट आहे असं ऐकलं. मूळ सेटिंगमध्ये मात्र कॅश ४ जीबीचीच दिसते. मग नेमकी किती ठेवायची? (सिस्टिम ॲडमिन, पुणे)

रिपॉझिटरीचा एकूण आकार डोक्यातून काढून टाका, त्याचा इथे उपयोग नाही. कोअरच्या संख्येचाही फारसा नाही. ६४ कोअरवर एकाच सॉफ्टवेअरचे ६४ जॉब (कामं) चालत असतील तर लागणाऱ्या फाइली त्याच असतात आणि कॅशमध्ये त्यांची एकच प्रत असते. जागा वाढते ती वेगवेगळी सॉफ्टवेअर, वेगवेगळ्या आवृत्त्या आणि वेगवेगळे वापरकर्ते एकाच नोडवर आले की. त्यामुळे मोजायचा आकडा एकच: एका नोडवर साधारण एका दिवसात किती वेगळा डेटा वाचला जातो.

तो मोजता येतो. एक नोड रिकामा करा. सेटिंगच्या डिफॉल्ट-डॉट-लोकल फाइलमध्ये कोटा लिमिट, म्हणजे कॅशची कमाल मर्यादा, तात्पुरतं १००००० लिहा. हा आकडा एमबीमध्ये असतो, म्हणजे झाले १०० जीबी. ‘सीव्हीएमएफएस कॉन्फिग’ला ‘अनमाउंट’ सांगून सगळ्या रिपॉझिटरी उतरवा, कारण सामायिक कॅश सांभाळणारी प्रक्रिया वेगळी असते आणि ती चालू राहिली तर जुनीच मर्यादा धरून बसते. पुन्हा माउंट झाल्यावर ‘वाइपकॅश’ने कॅश पुसा आणि नेहमीचे जॉब २४ तास चालू द्या. जॉब खरोखर नेहमीचेच हवेत, चाचणीपुरते लिहिलेले नकोत. दुसऱ्या दिवशी ‘सीव्हीएमएफएस टॉक’ला ‘कॅश साइझ’ विचारा. समजा उत्तर आलं ९ जीबी.

आता इथे बहुतेक जण ९ चे १० करतात आणि फसतात. कोटा भरला की सीव्हीएमएफएस एकेक फाइल काढत बसत नाही. सर्वांत जुन्या वापराच्या फाइलींपासून सुरुवात करून ती कॅश थेट मर्यादेच्या निम्म्यावर आणते. म्हणजे १० जीबीची मर्यादा ठेवली तर सफाईनंतर हातात उरतात ५ जीबी, आणि रोजच्या लागणाऱ्या ९ पैकी ४ जीबी लगेच परत आणावे लागतात. ते आणता आणता पुन्हा १० भरतात, पुन्हा सफाई. म्हणून रोजचा लागणारा डेटा मर्यादेच्या निम्म्यात बसला पाहिजे. ९ जीबी लागत असतील तर मर्यादा १८ च्या खाली नको. २० ठेवा, म्हणजे सेटिंगमध्ये २०००० लिहा. मूळचे ४ जीबी एकट्या वापरकर्त्याच्या मशिनला चालतील, क्लस्टरच्या नोडला नाही.

एक लक्षात ठेवा: कॅश सामायिक असेल तर, आणि मूळ सेटिंग तसंच असतं, ही मर्यादा सगळ्या रिपॉझिटरींची मिळून एक असते. तीन प्रयोगांचे जॉब एकाच नोडवर येत असतील तर मोजणीच्या दिवशीही तिन्ही चालू हवेत.

आता पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा काढलेला भाग. २० जीबीच्या मर्यादेला २० जीबीचं पार्टिशन कधीही देऊ नका. मर्यादा पार्टिशनच्या ८५ टक्क्यांच्या वर जाऊ नये. २० ला ०.८५ ने भागा, येतात साडेतेवीस, म्हणून २५ जीबी द्या. तुमच्या ४८० जीबीतून इतकं सहज निघतं. ही मोकळी जागा चार ठिकाणी जाते. उतरत असलेल्या फाइली आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये येतात आणि पूर्ण झाल्यावरच हिशोबात धरल्या जातात. कॅशची स्वतःची एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) नोंदवही असते. सफाईत काढलेली फाइल एखाद्या जॉबने उघडी धरली असेल तर तिची जागा जॉब ती बंद करेपर्यंत सुटत नाही. आणि सीव्हीएमएफएस फाइलचा आकार बाइटमध्ये मोजते, डिस्क मात्र ४ केबीच्या ठोकळ्यांत देते. ८०० बाइटची पायथनची फाइल डिस्कवर ४ केबीच खाते. प्रत्येक फाइलमागे सरासरी २ केबी वाया गेले असं धरलं तर १० लाख फाइलींमागे २ जीबी झाले, आणि ते कोटा लिमिटला दिसतच नाहीत.

लहान फाइलींचा विषय निघाला आहे तर इनोडही (प्रत्येक फाइलमागे डिस्कवर लागणारी एक नोंद) बघून घ्या, कारण तिथे नडल्यावर कारण सापडायला वेळ लागतो. लिनक्सची नेहमीची ईएक्सटी४ फाइल सिस्टिम बनवताना मूळ सेटिंगने दर १६ केबीमागे एक इनोड देते. २५ जीबीच्या पार्टिशनवर साधारण १६ लाख. तुमच्या फाइलींचा सरासरी आकार १० केबी असला तर २० जीबीत २० लाख फाइली होतात. म्हणजे जागा शिल्लक असताना ‘डिस्क भरली’ अशी तक्रार येणार. ‘डीएफ -आय’ चालवून इनोड वापराची टक्केवारी बघा. पार्टिशन नव्याने बनवत असाल तर ‘एमकेएफएस’ला ‘-आय ८१९२’ द्या. इनोड दुप्पट होतात आणि त्यांच्या तक्त्यासाठी सुमारे ४०० एमबी जास्त जातात. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये इनोड लागतील तसे तयार होतात, तिथे हा हिशोब करावा लागत नाही. ईएक्सटी४ वर आणखी एक काम: ही फाइल सिस्टिम ५ टक्के जागा रूटसाठी (मुख्य प्रशासक खात्यासाठी) राखून ठेवते, आणि कॅश रूटच्या नावावर चालत नाही. २५ जीबीत सव्वा जीबी असे पडून राहतात. कॅशच्या पार्टिशनवर ‘ट्यून-टू-एफएस -एम ०’ चालवून ते मोकळे करा.

पार्टिशन वेगळं केल्यावर एक धोका नवा तयार होतो. नोड सुरू होताना ते माउंट झालं नाही तर कॅश त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या मूळ (रूट) पार्टिशनवर, भरू लागते. पार्टिशन माउंट करण्याआधी त्या रिकाम्या फोल्डरवर ‘सीएचएटीटीआर +आय’ लावून ठेवा. मग माउंट चुकलं तर कॅश सुरूच होणार नाही आणि चूक ताबडतोब कळेल. कॅश नेहमीच्या जागेहून दुसरीकडे नेत असाल आणि एसई-लिनक्स (लिनक्सची वाढीव सुरक्षा व्यवस्था) चालू असेल तर नव्या फोल्डरला ‘सीव्हीएमएफएस कॅश टी’ हा प्रकार द्यायला विसरू नका. नाहीतर परवानग्या बरोबर दिसतात आणि तरीही लिहिता येत नाही. शेवटी ‘सीव्हीएमएफएस कॉन्फिग’चं ‘चेक-सेटअप’ चालवा.

सुरू झाल्यावर आठवडाभर एकच आकडा रोज बघा. रिपॉझिटरीच्या मूळ फोल्डरवर ‘एन-क्लीनअप-२४’ नावाचा विस्तारित गुणधर्म असतो. गेल्या २४ तासांत किती वेळा सफाई झाली ते तो सांगतो. शून्य किंवा एक असेल तर निर्धास्त राहा. सहा दिसले तर हिशोब असा: प्रत्येक सफाईत १० जीबी जातात, दिवसाला ६० जीबी एका नोडवर पुन्हा येतात, ४० नोडवर २,४०० जीबी. नेटवर्कवरून तो डेटा दाबलेल्या स्वरूपात येत असल्याने प्रत्यक्ष वाहतूक याहून कमी असते, पण हा सगळा भार टाळता येण्यासारखा आहे. अशा वेळी मर्यादा दुप्पट करा आणि पुन्हा बघा.

प्रश्न : कॅशची मर्यादा २५ जीबी आहे. आमचं साधन १६ जीबी वापर दाखवतं, पण पार्टिशन शंभर टक्के भरलेलं आहे आणि जॉब ‘इनपुट/आउटपुट एरर’ देऊन पडत आहेत. कॅश मूळ पार्टिशनवरच आहे. चूक कुठे? (संशोधन संस्थेतील तंत्रज्ञ, नागपूर)

कोटा लिमिट कॅशला आवर घालतं, शेजाऱ्यांना नाही. मूळ पार्टिशनवर लॉग, जॉबच्या तात्पुरत्या फाइली, क्रॅशनंतर पडलेले कोअर डंप (बंद पडलेल्या प्रोग्रामच्या मेमरीच्या प्रती) असे सगळे एकत्र राहतात. त्यांनी जागा खाल्ली तरी सीव्हीएमएफएसला वाटतं की अजून ९ जीबी आपल्या हक्काचे आहेत. ती लिहायला जाते, डिस्क नकार देते, आणि फाइल न मिळाल्याने जॉबला एरर जाते. जॉब चालवणाऱ्याला वाटतं सॉफ्टवेअर बिघडलं.

आधी ‘डीयू’ (फाइलींची बेरीज) आणि ‘डीएफ’ (पार्टिशनवर भरलेली जागा) यांची तुलना करा. दोन्हींत मोठी तफावत असेल तर काढून टाकलेल्या पण उघड्या फाइली जागा धरून आहेत. ‘एलएसओएफ +एल१’ चालवा. यादीत सीव्हीएमएफएसची प्रक्रिया दिसली तर कित्येक दिवस चालणारे जॉब जुन्या लायब्ररी उघड्या ठेवून आहेत असं समजा. ते जॉब संपेपर्यंत ती जागा परत मिळणार नाही. तातडीचा उपाय म्हणून ‘सीव्हीएमएफएस टॉक’ला ‘क्लीनअप ८०००’ सांगा. कॅश ८ जीबीवर आणली जाईल. कॅशच्या फोल्डरमध्ये जाऊन हाताने फाइली पुसू नका. नोंदवहीत त्या असल्याचं लिहिलेलं राहतं आणि हिशोब कायमचा बिघडतो. कोणी तसं केलंच असेल तर नोड रिकामा करून ‘सीव्हीएमएफएस एफएससीके’ला ‘-पी’ देऊन शेअर्ड फोल्डर तपासून घ्या, किंवा सरळ कॅश पुसून नव्याने भरू द्या. हाच प्रकार जुन्या तात्पुरत्या फाइली आपोआप काढणाऱ्या सेवांकडूनही होतो, म्हणून कॅश ‘टेम्प’ फोल्डरखाली ठेवू नये.

वापर अचानक वाढला असेल तर रिपॉझिटरीतून कोण फिरतंय तेही बघा. ‘लोकेट’ची (फाइलींची नावं शोधणाऱ्या प्रोग्रामची) रात्रीची नोंदणी, व्हायरस शोधणारा प्रोग्राम, बॅकअप, किंवा एखाद्या वापरकर्त्याने फोल्डरांच्या संपूर्ण झाडावर चालवलेला ‘ग्रेप -आर’ (मजकूर शोधणारी आज्ञा). नावं शोधणारा प्रोग्राम फक्त कॅटलॉग (फाइलींच्या याद्या) ओढून आणतो, आतला मजकूर वाचणारा प्रत्येक फाइल आणतो. ‘लोकेट’ची नोंदणी करणाऱ्या ‘अपडेट-डीबी’च्या वगळण्याच्या यादीत सीव्हीएमएफएसचा माउंट फोल्डर आजच घाला.

कायमचा उपाय मात्र वेगळ्या पार्टिशनचाच.

प्रश्न : क्लस्टरसाठी स्क्विड प्रॉक्सी (नोड आणि बाहेरचे सर्व्हर यांच्या मध्ये बसणारी सगळ्यांची मिळून कॅश) लावतो आहोत. नोडच्या कॅश मोठ्या केल्या तर स्क्विडला डिस्क कमी दिली तरी चालेल का? (खासगी कंपनीतील अभियंता, ठाणे)

चालणार नाही, कारण दोघांचं काम वेगळं आहे. नोडच्या कॅशमध्ये त्या एका नोडला लागलेल्या फाइली, उलगडलेल्या स्वरूपात असतात. स्क्विडमध्ये सगळ्या नोडना लागलेल्या फाइली एकत्र, पण दाबलेल्या स्वरूपात असतात, कारण सर्व्हरवरून त्या तशाच निघतात आणि उलगडण्याचं काम नोडवर होतं. चाळीस नोड एकदम रिकाम्या कॅशने सुरू झाले आणि प्रत्येकाला ९ जीबी हवे असले तर उलगडलेले ३६० जीबी झाले. दाबल्यावर निम्मे होतात असं समजा: १८० जीबी. एक गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला ११० एमबी मिळाले तरी सत्तावीस मिनिटं लागतात, तीही सगळं स्क्विडमध्ये आधीपासून असेल तर. नसेल तर बाहेरच्या इंटरनेटच्या वेगाने. म्हणून स्क्विड किमान दोन ठेवा आणि डिस्क मोकळ्या हाताने द्या.

सुरुवातीला ५० जीबी ठीक आहेत: ‘कॅश डिर’च्या ओळीत ‘यूएफएस’, मग फोल्डर, मग ५००००, १६ आणि २५६. स्क्विडला डिस्कचा पूर्ण आकार सांगायचा नसतो, २० टक्के वगळायचे असतात. म्हणजे पार्टिशन साडेबासष्ट जीबींचं लागलं, ६५ करा. मेमरीही धरा: डिस्कवरच्या प्रत्येक जीबीमागे ६४-बिट मशिनवर अंदाजे १४ एमबी फक्त सूचीला लागतात. ५० जीबीला ७०० एमबी. त्याखेरीज ‘कॅश मेम’चे १२८ एमबी.

बहुतेकांची अडचण मात्र आकारात नसून ओळींच्या क्रमात असते. स्क्विड मुळात ४ एमबीपेक्षा मोठी वस्तू डिस्कवर ठेवतच नाही. सीव्हीएमएफएस मोठ्या फाइलींचे तुकडे पाडते ते सामान्यतः ४ ते १६ एमबींचे. म्हणजे नेमक्या जड गोष्टी प्रत्येक वेळी बाहेरून येतात आणि स्क्विड अर्धा रिकामा राहतो. ‘मॅक्झिमम ऑब्जेक्ट साइझ १०२४ एमबी’ ही ओळ घाला, आणि ती ‘कॅश डिर’च्या आधी घाला. नंतर लिहिली तर त्या कॅश फोल्डरला जुनीच मर्यादा लागू राहते, आणि चूक लॉगमध्येही उठून दिसत नाही. बदल झाल्यावर नवा फोल्डर असेल तर ‘स्क्विड -झेड’ चालवा. ॲक्सेस लॉग कॅशच्या पार्टिशनवर ठेवू नका. प्रत्येक विनंतीमागे एक ओळ लिहिली जाते आणि हजारो जॉब सुरू होतात त्या सकाळी तो लॉग फार वेगाने फुगतो.

प्रश्न : आमच्या नोडना स्वतःची डिस्कच नाही. सगळं लस्टरवर (सगळ्या नोडना नेटवर्कवरून मिळणाऱ्या सामायिक फाइल सिस्टिमवर) आहे. कॅश कुठे ठेवू? (विद्यापीठाचं संगणन केंद्र, गोवा)

तीन वाटा आहेत आणि आमची पसंती पहिलीला आहे.

लस्टरवर प्रत्येक नोडसाठी २५ जीबीची एक फाइल तयार करा, तिच्यात ईएक्सटी४ बनवा आणि नोडवर ती लूप डिव्हाइस म्हणून, म्हणजे फाइललाच डिस्क समजून, कॅशच्या जागी माउंट करा. कॅशमधल्या लाखो लहान फाइली लस्टरला दिसतच नाहीत, त्याला एकच मोठी फाइल दिसते. त्यामुळे लस्टरच्या मेटाडेटा सर्व्हरवर (फाइलींच्या नोंदी सांभाळणाऱ्या) भार येत नाही. ४० नोडना १ टीबी धरा. फाइल विरळ बनवली तर सुरुवातीला कमी जागा घेईल, पण एकदा लिहिलेले ठोकळे सफाईनंतर आपसूक परत मिळत नाहीत, म्हणून पूर्ण १ टीबी हिशोबात ठेवा. एक फाइल एकाच नोडवर माउंट झाली पाहिजे. दोन नोडनी तीच ईएक्सटी४ एकाच वेळी माउंट केली तर ती हमखास खराब होते. फाइलच्या नावात नोडचं नाव घातलं की हा घोळ टळतो.

दुसरी वाट एलियन कॅशची: सगळ्या नोडना मिळून लस्टरवर एकच फोल्डर. प्रत एकच, त्यामुळे जागा वाचते. पण यासाठी कोटा लिमिट -१ आणि शेअर्ड कॅश ‘नो’ ठेवावी लागते, म्हणजे सीव्हीएमएफएस तिथलं काहीही काढत नाही. फोल्डर वाढतच जातो. तो कोण, कधी, कसा पुसणार हे आधी ठरलं नसेल तर या वाटेला जाऊ नका.

तिसरी वाट, कॅश मेमरीमध्ये. प्रकार ‘रॅम’ आणि आकार एमबीमध्ये. जॉबच्या मेमरीतून तेवढी वजा होते आणि माउंट उतरलं की सगळं जातं. थोडंसंच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या नोडना ठीक आहे.

प्रश्न : आम्ही सीव्हीएमएफएस वापरत नाही, साधं एनएफएस (सर्व्हरवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरण्याची सोय) आहे. त्यावर कॅशफाइल्सडी (त्या फाइलींची स्थानिक कॅश सांभाळणारी सेवा) लावलं तर मर्यादा कुठे लिहायची? कॉन्फिग फाइलमध्ये जीबी दिसत नाहीत, फक्त टक्के आहेत. (छोट्या ॲनिमेशन स्टुडिओतील व्यवस्थापक, मुंबई)

तिथे जीबी नसतातच. ‘बी-रन’ १०, ‘बी-कल’ ७ आणि ‘बी-स्टॉप’ ३ हे मूळ आकडे पार्टिशनवरच्या मोकळ्या जागेचे टक्के आहेत. मोकळी जागा ७ टक्क्यांच्या खाली गेली की जुन्या गोष्टी काढायला सुरुवात होते, १० च्या वर आली की थांबते, आणि ३ च्या खाली गेली तर नवीन काही साठवलं जात नाही. ‘एफ’ने सुरू होणारे तीन आकडे तसेच, फाइलींच्या संख्येसाठी. म्हणजे कॅश मूळ पार्टिशनवर ठेवली तर ते पार्टिशन जवळजवळ ९३ टक्के भरेपर्यंत ती वाढत राहणार. आकार हवा असेल तर तेवढं पार्टिशन वेगळं द्या. १०० जीबी हवे असतील तर ११० चं.

माउंट करताना ‘एफएससी’ पर्याय दिला नाही तर सेवा चालू दिसते आणि कॅश रिकामीच राहते, हे आधी तपासा. लिहिण्यासाठी उघडलेल्या फाइलींना या कॅशचा फायदा मिळत नाही. तुमच्याकडे टेक्स्चर आणि तयार मॉडेल वाचणारी मशिनं असतील तिथे लावा. ज्या मशिनवर फ्रेम लिहिल्या जातात तिथे जागा देण्यात अर्थ नाही.

प्रश्न : घरच्या लॅपटॉपवर ईईएसएसआय वापरून बघायचं आहे. स्क्विड नाही. किती जागा सोडू? (विद्यार्थी, कोल्हापूर)

क्लायंट प्रोफाइल ‘सिंगल’ ठेवा, म्हणजे प्रॉक्सीशिवाय चालेल. कोटा लिमिट १०००० पुरे. लॅपटॉपवर वेगळं पार्टिशन करण्याची गरज नाही, फक्त १२ जीबी खरोखर मोकळे आहेत ना ते बघा. पहिल्यांदा एखादं मॉड्यूल उघडताना वेळ लागेल, कारण फाइली बाहेरून येत असतात. तेच मॉड्यूल दुसऱ्यांदा उघडून वेग बघा. मोबाइल डेटावर असाल तर संपूर्ण झाडावर शोध चालवू नका.